किल्लीवाल्या दादांची सांजधून

...तर ती कवळी उडाली ती थेट माझ्या झांजेत येऊन पडली. टण्ण!

काल नेमका इथवर आलो होतो आणि तुमच्या आजीनं जेवायला हाक मारली. ताटावर बसलो खरा, पण गोष्ट अर्धी राहिली की मला घास उतरत नाही. म्हणून आज आधी गोष्ट, मग बाकी सगळं. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. जे होते त्यांनी पुन्हा ऐकावं. चांगली गोष्ट शिळ्या भाकरीसारखी असते, दुसऱ्या दिवशी जास्त चव लागते.

कवळी होती तुमच्या आजीच्या थोरल्या भावाची. सगळा गाव त्यांना किल्लीवाले दादा म्हणायचा, मीही दादाच म्हणायचो. ते मला दाजी म्हणायचे, बहिणीचा नवरा म्हणून. दुकान एवढं अरुंद की आत शिरताना माणसाला आडवं व्हावं लागायचं. एका बाजूला बेकरी, दुसऱ्या बाजूला वर घराकडे जाणारा जिना आणि मधल्या फटीत दादा. मागच्या भिंतीवर खिळ्याखिळ्याला किल्ल्या टांगलेल्या. रस्त्यावरून जड गाडी गेली की सगळी भिंत किणकिणायची. मला तो आवाज फार आवडायचा. गिरणीतनं सुटलो की मी उगाच तिथं जाऊन उभा राहायचो, गाडीची वाट बघत.

मी पिठाच्या गिरणीत होतो. शिक्षण म्हणाल तर गावच्या शाळेचं, तेही गुरुजी जागे असतील तेवढंच. आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं बँडमध्ये.

हा बँड म्हणजे काही पगारी बँड नव्हे. बागेत एक आठकोनी दगडी चौथरा होता, भोवती लोखंडी कठडा, वर छत. त्यावर आम्ही कामकरी माणसं पावसाळा सोडून हंगामभर सुट्टीच्या संध्याकाळी वाजवायचो आणि लोक बाकांवर, गवतावर, जमेल तिथं बसून ऐकायचे. मोठा ढोल गवंड्याकडं, कारण तो उचलायची ताकद त्याच्यातच होती. तो मोठा पितळी भोंगा पोस्टमनकडं. क्लॅरिनेटवर म्हातारा घड्याळवाला, त्याच्या शेजारी दादा आणि दादांच्या शेजारी एक तरुण शिंपी. झांजा माझ्याकडं. गिरणीतनं परस्पर यायचो, त्यामुळं पहिला फटका मारला की झांजेतनं पिठाचा पांढरा ढग उठायचा. पोरं तेवढ्यासाठी पुढं येऊन बसायची.

बँडमास्तर लष्करातनं निवृत्त झालेले. मिशा अशा की त्यांच्यावर पक्षी बसावा. ते म्हणायचे, "वाजवायला शिकावं लागतं, तसं गप्प बसायलाही शिकावं लागतं. आपले गिरणीवाले दुसऱ्या विद्येत पारंगत आहेत." कारण झांजेला काम फार कमी. सगळ्यात कमी सांजधुनेत.

आता सांजधून म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. ती मास्तरांच्याही आधीच्या कुणी मास्तरांनी बांधलेली धून. दर वेळचा शेवट तिनंच व्हायचा. तिची सुरुवात क्लॅरिनेट एकटं करायचं. ना ढोल, ना भोंगा, कुणीच नाही. एक माणूस उभा राहायचा आणि फुंकायला लागायचा. त्याच वेळेला बागेतले दिवे लागायचे. फुगेवाला ओरडायचा थांबायचा, भांडणारी नवराबायको थांबायची. मग हळूहळू बाकीची वाद्यं यायची आणि अगदी शेवटी माझी झांज. झांज वाजली की सगळ्यांनी मिळून शेवटचा गजर करायचा. माझी झांज म्हणजे सगळ्यांना इशारा. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

दादा लहान असताना वडिलांच्या खांद्यावर बसून ती सुरुवात ऐकायचे. वडीलही किल्लीवालेच. पोरानं विचारलं, "बाबा, तो एकटाच वाजवतोय तो कोण?" वडील म्हणाले, "तो होय? तो घड्याळं दुरुस्त करतो." झालं! पोराच्या डोक्यात पक्कं बसलं. घड्याळवाल्याला जमतं तर किल्लीवाल्याला का जमू नये? वडील नंतर जन्मभर म्हणत राहिले, "अरे, फुंकून चूल पेटते, पोट भरत नाही." पण दादांनी घड्याळवाल्याचं शिष्यत्व धरलं ते धरलं. दिवसा कानस, संध्याकाळी क्लॅरिनेट. लग्न झालं, पोरं झाली, केस पिकायला लागले, तरी ते आपले दुसऱ्या खुर्चीवर. पहिल्या खुर्चीची, म्हणजे सुरुवात वाजवणाऱ्याच्या जागेची, घाई नाही, पण नजर तिच्यावरच. बाकी त्या माणसाला कसली म्हणून हाव नव्हती. ती सुरुवात एकदा आपण उभं राहून वाजवायची, एवढंच.

आणि तो दिवस आलाही. घड्याळवाल्याचा दम पुरेना. त्यानं मास्तरांना सांगितलं, "पुढच्या हंगामापासनं सुरुवात किल्लीवाला करेल." दादांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे हसू आलं ते मला अजून दिसतं. सगळे दात दिसत होते.

शेवटचे दिसले म्हणा ना.

किल्लीवाल्यांची एक वाईट खोड असते. दोन्ही हात कामात असले की किल्ली दातांत धरायची. कानस एका हातात, कुलूप दुसऱ्या हातात, किल्ली तोंडात. वडिलांनी लहानपणापासून बजावलं होतं, "तोंड खायला आणि बोलायला दिलंय, त्याची पकड करू नकोस." पण स्वतः वडीलच तसं करायचे, मग पोरगं काय शिकणार? त्या वर्षी शाळेच्या मोठ्या फाटकाचं वरचं कुलूप अडकलं. दादा शिडीवर चढले. एका हातात तेलाची बुधली, दुसऱ्या हातात कानस आणि ती फाटकाची वीतभर लोखंडी किल्ली दातांत. शिडीचा पाय सरकला. दादा तोंडावर आले आणि त्या किल्लीनं पहारीचं काम केलं. वरची पुढची सगळी फळी एका झटक्यात गेली. उरलेले दात डॉक्टरांनी काढले, म्हणाले, "हे आता राहून काही उपयोग नाही."

दात होते तेव्हा खुर्ची नव्हती, खुर्ची मिळाली तर दात नाहीत. चण्यांची म्हण आपल्याला ठाऊक आहे, क्लॅरिनेटचं हे नवीनच.

तुम्ही म्हणाल, फुंकायला दात कशाला हवेत? हवेत. क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची पातळ पत्ती बांधलेली असते. खालचा ओठ त्या पत्तीखाली आणि वरचे दात वरून घट्ट टेकलेले, असं ते धरावं लागतं. दात नाहीत तर वाद्य तोंडात डगमगतं आणि सूर हातात राहत नाही. दादांनी कवळी बसवून घेतली. घरी वाजवून बघितलं, टिकत होती. हंगामाच्या पहिल्या संध्याकाळी ते पहिल्या खुर्चीवर बसले. शेजारी कडेला मी, मांडीवर झांजा उताण्या ठेवून. मला काय, शेवटपर्यंत कामच नव्हतं.

दादा उभे राहिले. बाग गप्प झाली. पहिला सूर सुंदर लागला. दुसरं वळणही गेलं. मग वरचा सूर आला, जोर लावला, श्वास घ्यायला वाद्य तोंडातनं काढलं आणि वाद्याबरोबर कवळीही आली.

टण्ण!

काल इथंच थांबलो होतो. आता पुढचं ऐका. झांज वाजली. मी वाजवली नाही, पण वाजली. आणि झांज म्हणजे काय? शेवटच्या गजराचा इशारा! गवंड्यानं मागचा पुढचा विचार न करता ढोल बडवला. पोस्टमननं गाल फुगवून भोंगा सोडला. सगळा बँड गजरात शिरला आणि सांजधून सुरू व्हायच्या आधीच दणक्यात संपली. मास्तरांची काठी हवेत तशीच. अख्खी बाग हसायला लागली. पुढं बसलेली पोरं तर गवतावर लोळत होती.

दादांनी माझ्या झांजेतनं कवळी उचलली, रुमालानं पुसली, खिशात ठेवली आणि खाली बसले. एवढंच. मी बघितलं, त्यांचे कान लालबुंद झाले होते.

त्या दिवशी खुर्च्या आवरताना मास्तर जवळ आले. चेहरा पडलेला. म्हणाले, "दादा, राग मानू नका. पहिली खुर्ची मला रिकामी ठेवता येत नाही. सुरुवात आता शिंपी वाजवेल."

"बरोबर आहे," दादा म्हणाले. दात नसल्यामुळं शब्द जरा सांडत होते. "आणि मी परत तयार झालो तर?"

"ज्या दिवशी मला ती सुरुवात न तुटता ऐकवाल, त्या दिवशी खुर्ची तुमची. पण दया म्हणून देणार नाही. धून मोठी, आपण लहान."

"दया मागतंय कोण?"

"लोक पुन्हा हसतील, दादा."

"हसतील त्यांचे दात दिसतील, मास्तर. मला तर तीही भीती उरली नाही."

मास्तरांना हसू आवरेना. मग त्यांनी विचारलं, "तोपर्यंत काय करणार?"

"तोपर्यंत खुर्च्या मांडतो," दादा म्हणाले. आणि खरंच तेव्हापासून ते सगळ्यांच्या आधी बागेत यायचे, चौथरा झाडायचे, खुर्च्या मांडायचे आणि मग माझ्या शेजारी येऊन बसायचे. हातात काही नाही. शिंपी सुरुवात वाजवायला उभा राहिला की यांची बोटं मांडीवर हलायची.

दाताच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कवळी आणि फुंकणं यांचं जमायचं नाही. दादा घड्याळवाल्याकडं गेले. म्हातारा डोळ्याला भिंग लावून बसला होता. म्हणाला, "एक पद्धत आहे. पूर्वी काही जण वाजवायचे तसं. दोन्ही ओठ आत दुमडायचे आणि नुसत्या ओठांत वाद्य धरायचं. मी तरुणपणी करून बघितलं होतं. दुखतं फार. मी दोन दिवसांत सोडलं."

"पण जमतं?"

"जमायचं, म्हणतात. पण तुझ्या ओठांत जोर कुठं आहे? आजवर सगळं दातांनी आयतं केलं."

दादांनी घरी येऊन ओठ दुमडले आणि फुंकलं. जो आवाज आला त्याला बदकानंसुद्धा आपलं म्हटलं नसतं. ओठ सुजले, आतनं सोलले. दुसऱ्या दिवशी चहा पिता येईना. वहिनी, म्हणजे दादांची बायको, मोठी फटकळ बाई. म्हणाली, "दात गेले, आता ओठ घालवा. मग पुढच्या वर्षी नाकानं वाजवा."

आणि दादांना युक्ती कुठं सुचली? त्याच खोडीत. दुकानात हात सवयीनं किल्ली घेऊन तोंडाकडं गेला आणि तिथं दात नव्हते. किल्ली ओठांत अडकली, क्षणभर टिकली आणि पडली. दादा तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी ती उचलून परत ओठांत धरली.

त्या दिवसापासून दादांच्या ओठांत दिवसभर किल्ली. सुरुवातीला पेटीची, अगदी हलकी, पानासारखी. ती पडली की फरशीवर टिण्ण वाजायची आणि शेजारच्या बेकरीतनं आवाज यायचा, "पडली का?" दिवसभर हेच. टिण्ण, "पडली का?" टिण्ण, "पडली का?" बेकरीवाल्याला तर झोपेतसुद्धा ती सवय लागली म्हणे.

गिऱ्हाइकांची मात्र पंचाईत. मी समोर उभा असताना एक बाई आली.

"माझी किल्ली झाली का हो?"

"हं."

"मग द्या की."

"हं-हं."

"म्हणजे झाली नाही?"

"हं."

"अहो, झाली की नाही?"

वरून जिन्यातनं वहिनी ओरडली, "बाई, परवा या! ते किल्ली चोखतायत!"

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "काही म्हणा दाजी, लग्न झाल्यापासनं पहिल्यांदाच माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतायत."

पेटीच्या किल्लीवरून दादा कपाटाच्या किल्लीवर आले, कपाटावरून दुकानाच्या शटरवर. किल्ली जड होत गेली तसं बेकरीतलं "पडली का?" कमी होत गेलं. पण हे मी सांगतोय तितकं सरळ झालं नाही. थंडीत ओठांचे कोपरे फाटले. एकदा तर महिनाभर काही धरता आलं नाही आणि सगळा जोर गेला. पुन्हा पेटीच्या किल्लीपासनं सुरुवात. पुन्हा टिण्ण, पुन्हा "पडली का?" तेव्हा बेकरीवाला बाहेर येऊन म्हणाला, "दादा, आता माझाच जीव दमला." एक हंगाम गेला. दुसरा आला. शिंप्याचा हात बसत चालला होता, लोक त्याला टाळ्या द्यायला लागले होते.

एका संध्याकाळी खुर्च्यांच्या घड्या घालताना तुमची आजी भावाला म्हणाली, "दादा, बास की आता. तो शिंपी वाजवतो की चांगलं."

दादांनी तोंडातनं किल्ली काढली. "चांगलंच वाजवतो. तिसऱ्या वळणाला श्वास चोरायचा, हे मीच त्याला सांगितलं." आणि किल्ली परत तोंडात. एवढं बोलून ते पुढची खुर्ची दुमडायला लागले. तुमची आजी माझ्याकडं बघायला लागली. मी काय बोलणार? झांजवाला माणूस, गप्प बसण्यात पारंगत.

आता घरच्या सरावाची गंमत. दादांच्या वरच्या मजल्यावर एक शाळेतल्या बाई राहायच्या. त्या एकदा खाली येऊन म्हणाल्या, "बदक पाळलंय का तुम्ही? पाळलं असेल तर कापा, नाहीतर डॉक्टरला दाखवा." त्यानंतर दादांनी सरावासाठी कपाट धरलं. झोपायच्या खोलीत सासऱ्यांनी दिलेलं मोठं लाकडी कपाट होतं, माणूस आत बसेल एवढं. त्यात ब्लँकेटं, लोकरीचे कपडे. दादा आत बुटकं स्टूल टाकून बसायचे, दार थोडं किलकिलं ठेवायचे आणि ब्लँकेटांच्या गर्दीत फुंकायचे. आवाज वरच्या मजल्यापर्यंत जातच नसे. त्या कपाटाचं कुलूप दादांनी स्वतः केलेलं. त्यांच्या हातचं सगळ्यात भारी. ते म्हणायचे, "हे किल्लीशिवाय माझ्यानंसुद्धा उघडायचं नाही."

आणि वहिनीची एक सवय. कुलूपवाल्याची बायको ती, उघडं कपाट तिला बघवायचं नाही. जाता जाता दार लोटायचं, किल्ली फिरवायची, कमरेला खोचायची. हात आपोआप चालायचा, डोकं दुसरीकडंच.

त्या दुपारी मी आणि तुमची आजी त्यांच्याकडं गेलो होतो. वहिनीनं चहा दिला, म्हणाली, "ते खाली दुकानात असतील. बसा, मी भाजी घेऊन आले." झोपायच्या खोलीतनं जाताना कपाटाचं दार लोटल्याचा आवाज आला, खट्ट, आणि ती जिना उतरून गेली.

आम्ही चहा घेत बसलो. आतनं काहीतरी धप्प-धप्प झालं. तुमची आजी म्हणाली, "वरच्या बाई काहीतरी कुटतायत." मग "उं, उं" असं काहीतरी. मी म्हणालो, नळाला पाणी येत असेल.

आणि मग सांजधून सुरू झाली.

पहिला सूर जरा रागावलेला होता, दार ठोठावल्यासारखा. पण दुसरा, तिसरा... माझ्या हातातली कपबशी तशीच राहिली. ब्लँकेटांतनं गाळून आल्यासारखा, मऊ, लांबनं कुठूनतरी येणारा. मी धावत कपाटापाशी गेलो.

"दादा, आत आहात?"

"नाही, बागेत आहे! दार उघडा!"

"किल्ली वहिनीकडं आहे. वहिनी भाजीला गेली."

दाराखाली हाताचा पंजा जाईल एवढी फट होती, म्हणून काळजी नव्हती. मग आतनं आवाज आला, "कोबी आणू नको म्हणावं."

"आता तुम्ही बसाच वाजवत," मी म्हणालो. "दुसरं करणार काय?"

त्यांनी परत सुरुवात केली. एवढ्यात वहिनी आली. जिन्यातच तिला ऐकू आलं. पिशवी हातात घेऊन ती खोलीच्या दारात उभी राहिली. आपणच त्यांना कोंडलं हे तिच्या ध्यानात आलं, हात कमरेच्या किल्लीकडं गेला आणि तिथंच थांबला. तिनं मला बाहेर ओढलं आणि कुजबुजली, "दाजी, पळा. मास्तरांना घेऊन या."

"अहो, पण आधी दार..."

"उघडलं तर लाजतील. चार माणसांदेखत परत असं वाजायचं नाही. पळा म्हणते ना!"

मास्तर मागच्याच गल्लीत राहायचे. दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला फेस, अंगात बनियन, पायात घरातल्या सपाता. मी म्हणालो, "मास्तर, कपाट वाजतंय." ते तसेच निघाले. रस्त्यानं लोक बघत होते.

आम्ही पोचलो तेव्हा वहिनी कपाटासमोर उभी राहून खोटंखोटं शोधत होती. "किल्ली सापडत नाहीये हो! तुम्ही वाजवत राहा, म्हणजे मला शोधायला हुरूप येतो."

आतनं दादा म्हणाले, "किल्लीवाल्याच्या घरात किल्ली सापडत नाही! लोक काय म्हणतील?"

"लोकांना कोण सांगतंय? वाजवा तुम्ही. पहिल्यापासनं."

मास्तर पलंगाच्या कडेवर बसले. तोंडावर बोट ठेवलं. आणि आतनं ती सुरुवात आली. पहिलं वळण, दुसरं. त्या वरच्या सुरापाशी, जिथं कवळी उडाली होती, मी डोळे मिटून घेतले. सूर आला, थांबला, वळला आणि पुढं गेला. तुटला नाही. घड्याळवाल्याचा सूर लखलखीत असायचा, पितळेसारखा. हा तसा नव्हता. हा जरा भरड होता, श्वासासकट येणारा, कुणीतरी आपल्याच कानाशी बोलतंय असा. शेवटपर्यंत गेला. मास्तरांच्या गालावरचा फेस वाळून पांढऱ्या पापुद्र्यासारखा झाला होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

ते उठले आणि बागेत काठीनं करायचे तशी बोटानं कपाटावर टकटक केली.

"कोण?" आतनं.

"मी. बँडमास्तर. येत्या सुट्टीला सुरुवात तुमची."

वहिनीनं किल्ली काढली, पण घाईत ती कुलपात उलटीच घातली. आतनं दादांचा आवाज आला, "मास्तर, आधी बाहेर तर काढा."

त्या सुट्टीच्या संध्याकाळी खुर्च्या शिंप्यानं मांडल्या. पहिली खुर्ची त्यानं स्वतःच्या रुमालानं पुसली, गळ्यातली टेप सावरली आणि म्हणाला, "बसा दादा. मी आपला दुसरीवरच बरा." घड्याळवाला पहिल्या बाकावर शाल पांघरून बसला होता. दादा उभे राहिले तेव्हा त्यानं खिशातलं घड्याळ काढलं आणि झाकण बंद करून मुठीत दाबून धरलं, टिकटिक होऊ नये म्हणून. मी दोन्ही झांजा छातीशी कवटाळल्या होत्या. मागच्या वेळेसारखी एखादी वस्तू उडून आली असती तर ती माझ्या डोक्यावर आपटली असती, पण झांजेत पडू दिली नसती.

दिवे लागले. दादांनी ओठ दुमडले.

मधे एका जागी सूर जरासा डळमळला. अख्खा बँड पुढं झुकला, जणू खालनं कुणी हात लावून उचलणार होतं. पण दादांनीच तो उचलला. बागेत कुणी हसलं नाही. फुगेवाल्याचा एक फुगा सुटून वर गेला, तरी तो ओरडला नाही. आणि अगदी शेवटी, जिथं वाजायची तिथंच, माझी झांज वाजली. पिठाचा ढग उठला. पोरं खूष झाली.

त्यानंतर दादांनी किती हंगाम ती सुरुवात वाजवली, मोजायला कुणी बसलं नाही. मग मास्तर गेले, भोंगा काळा पडला, गवंडी मुलाकडं निघून गेला. चौथरा अजून आहे. पोरं त्यावर चाकांच्या बुटांनी गोल गोल फिरतात. दादांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. रस्त्यावरनं गाडी गेली तर ती नुसती हलतात, वाजत नाहीत. मी तरी कधी कधी तिथं थांबतो.

दादांच्या शेवटच्या वर्षांत आम्ही दोघं त्यांच्या गॅलरीत बसायचो. तेव्हा माझेही दात जायला लागले होते, त्यामुळं दोघांचं बोलणं दोघांनाच कळायचं. एकदा मी विचारलं, "दादा, खरं सांगा. त्या दोन हंगामांत एकदाही वाटलं नाही, की पुरे झालं, आता सोडून द्यावं?"

ते म्हणाले, "वाटायचं की, दाजी. रोज वाटायचं. पण तोंडात किल्ली असायची. सांगणार कसं?"